करवंदपाडा कुणी सांगितला?

आमच्या पोशेऱ्यात भुताच्या गोष्टी सांगणाऱ्यांना मी तोंडावर हसायचे. कॉम्प्युटर शिकलेली गावातली पहिली मुलगी मी, जरा शिष्टच होते म्हणा ना! तरीही हे लिहितेय... कारण हे माझ्याच टेबलावर घडलं.

२००३ च्या सुमाराची गोष्ट. जव्हारला एका संस्थेत मी प्रोग्रामर होते. पावसात वाटा बंद होण्याआधी संस्था पाड्यांवर मुलांसाठी धान्य पोचवायची. हाताने यादी केली की एखादा पाडा हमखास सुटायचा. वावरची मुलं कुपोषणाने गेली, त्यानंतर संस्थेतले माझ्या आधीचे प्रोग्रामर, आमचे भोयेसर, यांनी वाटपाचा प्रोग्राम लिहिला होता. सर पुढे वारले आणि प्रोग्रामचा मूळ कोडही हरवला. उरला फक्त चालणारा प्रोग्राम.

मी नवी प्रोसिजर, म्हणजे प्रोग्रामचा छोटा तुकडा, लिहून त्यातून त्या जुन्या प्रोग्रामला कॉल करत होते. अशा वेळी तो मागतो तेवढेच पॅरामीटर, म्हणजे माहितीचे रकाने, त्याच क्रमाने, त्याच मापाचे द्यावे लागतात. सरांच्या टिपणात सहा होते. सहा दिले – बंद पडला. क्रम तपासला, माप तपासलं... पुन्हा बंद! बाहेर जीप भरून उभी.

नुकतीच आखाती, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली होती. घरी बा एकेका पितराचं नाव घेऊन पान वाढतो आणि शेवटी एक पान बिननावाचं ठेवतो, राहून गेलेल्यासाठी. काय मनात आलं कोण जाणे, मी शेवटी एक रिकामा पॅरामीटर जोडला.

"हे कुणाचं ताट वाढलंस?" मागे उभ्या असलेल्या संस्थेच्या साहेबांनी चिडवलं.

प्रोग्राम चालला! आणि तो रिकामा पॅरामीटर भरून परत आला – KARVANDPADA.

"मेमरीतला कचरा असेल," साहेब म्हणाले. पण हे नाव आमच्या यादीत कुठेच नव्हतं.

जीपवाले काशिनाथदादा मात्र दारातूनच म्हणाले, "हाय ना ताई, दाभोशाच्या धबधब्याच्या वरतं. गेल्या साली थोडी घरां जाऊन वसली तिथं."

गेल्या साली... सर तर त्याच्या कितीतरी आधी गेलेले!

मी हट्टाने जादा पोती चढवली आणि स्वतः जीपमध्ये बसले. पाड्यावर कडेवर तान्हं घेतलेली एक बाई पोत्यांकडे बघतच राहिली. "तुला कोनी सांगला गं? आमी तं कोनाला सांगलाच नाय."

"भोयेसरांनी," माझ्या तोंडून निघून गेलं.

पुढे सरांच्या घरी मूळ कोडची फ्लॉपी सापडली. त्यात पॅरामीटर सहाच होते. सातवा दिल्यावर प्रोग्राम चालायलाच नको होता. ठाण्यातल्या जाणत्या प्रोग्रामरांनाही विचारलं, सगळ्यांनी खांदे उडवले. मलाही आजवर उलगडा झालेला नाही.

पण त्या पावसाळ्यात करवंदपाड्याचं एकही लेकरू दगावलं नाही. ते धान्य मी पोचवलं होतं, हे मी कुणालाही ताठ मानेने सांगते.