गळणारा महादेव

देवावर माझा कधी राग नव्हता, कारण रागावण्याइतकी ओळखच नव्हती. हिवरखेडला माझं हार-फुलांचं दुकान. देवाचा नि माझा संबंध गिऱ्हाइकापुरता. भक्ती सगळी बायकोच्या वाट्याला. रोज सकाळी ती पिंडीवर तांब्याची गळती टांगायची. तळाच्या बारीक छिद्रातून थेंब थेंब पाणी पडत राहायचं आणि तेवढा वेळ मला घरात बोलायची बंदी असायची. मला ती शिक्षाच वाटे. मी पेलाभर पाणी मागितलं तरी विहीर खणण्यापासून सुरुवात करतो, असं आमच्या घरी म्हणतात.

त्या वर्षांत आमच्या भागात कापसानं पार दगा दिला होता. लग्नं लांबणीवर पडत होती, आणि दुकानातून नवरदेवाच्या हारांपेक्षा दुसरेच हार जास्त जात होते. कुणासाठी, हे विचारणं मी सोडून दिलं होतं. मग एका उन्हाळ्यात आमचा एकुलता मुलगा काविळीनं गेला, आणि त्याचा हार मीच ओवला. हातांना सवय होती, म्हणून झाला.

तेरावं उरकल्यावर बायकोनं गळती उतरवली आणि पिंडीसकट पेटीत टाकली. "एवढं पानी घातलं त्या दगडावर," ती म्हणाली, "त्याले काई पाझर फुटला नाई." त्यानंतर ती बोलेनाशी झाली. रडलीही नाही. ताटातला घास बोटांनी इकडून तिकडे सरकवायची आणि उठायची. डॉक्टर झाले, गोळ्या झाल्या. हिवाळ्यापर्यंत तिच्या बांगड्या कोपरापर्यंत चढू लागल्या. ती डोळे मिटून पडली की मी तिच्या नाकाशी हात धरून पाहायचो. एकाला पोचवून आलो होतो. दुसरीलाही आपण हळूहळू पोचवतोच आहोत, असं मनात यायचं. आणि मी मात्र दुप्पट बोलत होतो. खड्ड्यात मुरूम टाकावा तसे तिच्या मौनात शब्द टाकत होतो. खड्डा काही भरत नव्हता.

शेवटी बहीण म्हणाली, नांदगाव खंडेश्वरला महादेवाच्या दर्शनाला ने तिला. माझा विश्वास नव्हता, पण दुसरा उपायही उरला नव्हता. मेव्हण्याची जुनी जीप घेऊन निघालो. मूर्तिजापूरच्या पुढं ती बंद पडली. बॉनेट उघडून मी जाणकारासारखं आत पाहिलं. ओळखीचं फक्त रेडिएटर दिसलं, तेही वाफ निघत होती म्हणून. जीप आता उद्याच चालू होईल, असं रस्त्याकडेच्या गॅरेजातल्या मिस्त्रीनं सांगितलं. दिवस मावळत होता. जवळ एकच लॉज होतं, सरकी काढायच्या बंद पडलेल्या जिनिंग कारखान्याच्या गोदामांत काढलेलं. कापसाला आग लागू नये म्हणून जुन्या शेठनं प्रत्येक गोदामाला देवाचं नाव दिलं होतं. कापूस यायचा थांबला, शेठ गेला, पण दारांवरची नावं राहिली. आता तिथले जुने मुकादम ते लॉज चालवत होते. सगळे त्यांना चाचा म्हणत. अंगणात एका वरातीची गडबड चालली होती.

"खोली हाय का, चाचा?"

"गनपतीत वरात उतरली, देवीत नवरीवाले. मारुतीत ड्रायव्हर लोक घोरून राहिले," चाचा बोटांवर मोजत म्हणाले. "महादेव खाली हाय. पन तो गळते."

"नावं काहून नाई बदलली?"

"मालिकचं नाव पुसाची हिंमत कोनाची, भाऊ? अन् नंबर टाकले तं गिऱ्हाईक भाव करते. देवाशी कोनी भाव करत नाई."

मला हसू आलं आणि लगेच भीती वाटली. हिच्यासमोर महादेवाचं नाव! पण ती मुकाट्यानं आत गेली. खोलीत पलंग नव्हताच. कापसाच्या गाठी ठेवायचा जुना सिमेंटचा ओटा, त्यावर गादी. वरच्या टाकीचं पाणी छतातून झिरपत होतं आणि थेंब नेमका उशीवर पडत होता. ओटा काही सरकणारा नव्हता. मी सवयीनं टाकी, छत, सिमेंट यांवर बोलत बादली शोधू लागलो. वळून पाहिलं तर ती त्या थेंबाखालीच बसलेली. पाणी भांगातून कपाळावर उतरत होतं.

"अवं, भिजशीन ना!"

"राहू द्या," ती म्हणाली. किती महिन्यांनी ऐकला मी तो आवाज! "महादेवात गळती नसन तं काय असन? इतकी वर्सं म्या त्याच्यावर पानी धरलं. आज तो माह्यावर धरून राहिला."

आणि ती रडू लागली. मुलाचं नाव घेऊन, ऊर फुटेस्तोवर. चाचा धावत आले. "वैनी, टाकीचा कॉक बंद करतो ना मी!"

"नका करू, चाचा. तो रडून राहिला तं रडू द्या त्याले."

मला खूप काही बोलावंसं वाटलं. पण आयुष्यात पहिल्यांदा शब्दच सापडला नाही. तिच्याशेजारी बसलो. अर्धा थेंब माझ्याही खांद्यावर आला. चाचांनी वरातीतला वरण-भात आणून दिला. तिनं चार घास खाल्ले, आणि चौथ्या घासाला मीठ कमी आहे म्हणाली. त्या तक्रारीसाठी मी चाचांचे, वरातीचे, फुटक्या टाकीचेही पाय धरले असते.

सकाळी जीप चालू झाली. "नांदगावले जायचं ना?" मी विचारलं. "दर्शन झालं," ती म्हणाली, आणि आम्ही घरी परतलो.

मुलगा काही परत आला नाही. दुकानातून ते दुसरे हार पुढंही जात राहिले. याला कृपा म्हणावं की गळकी टाकी, हे मला आजही ठरवता येत नाही, आणि ठरवायचा हट्टही आता उरला नाही. त्या दिवशी माझ्या हाताला बादली लागली नाही, याचे मात्र मी रोज आभार मानतो. घरात गळती पुन्हा टांगली आहे. थेंब पडत असतो, ती डोळे पुसत असते, आणि मी शेजारी गप्प बसतो. आता बंदी कुणीच घातलेली नाही.