गाडी काढायची

बाबांची गाडी लाल, दोनच सीटांची, छत उघडणारी आणि वयानं माझ्याहून मोठी. दिल्लीत नोकरीला आल्यावर, मायदेशी परत निघालेल्या एका परदेशी साहेबाकडून त्यांनी ती हौसेनं घेतली होती. आई गेल्यापासून ती फ्लॅटखाली कव्हर घालून उभी होती. गेल्या हिवाळ्यात बाबांनी मनावर घेतलं. संक्रांतीला पानिपतला, काला अंबच्या लढाईच्या स्मारकाला जायचं, आणि ते याच गाडीनं. दरवर्षी दिल्लीतल्या मराठी मंडळाच्या बसमधून जाऊन ते कंटाळले होते. गुरुग्रामला राहणारा माझा धाकटा भाऊ फोनवर हसत म्हणाला की रस्त्यातच तुमचं पानिपत होईल. बाबांनाही हसू आलं. मला आलं नाही.

गाडीचं खरं दुखणं म्हणजे होस, म्हणजे रेडिएटर आणि इंजिन यांच्यात पाणी फिरवणाऱ्या रबरी नळ्या. वरची फुगून मऊ पडलेली, खालची क्लिपपाशी चिरलेली. या गाडीच्या नळ्या इथे कुठून मिळणार? मी नोएडाहून मेट्रोनं काश्मिरी गेटच्या स्पेअरपार्ट बाजारात गेले, सोडवलेली वरची नळी हातात धरून दुकानामागून दुकान पालथं घातलं, आणि शेवटी तसंच वळण असलेली ट्रॅक्टरची नळी मिळाली. ती बेतून दोन्हींसाठी कापायची. भावाला कौतुकानं फोटो पाठवला, तर त्यानं नुसता अंगठा पाठवला.

रविवारी आम्ही दोघं कामाला लागलो. खालची जुनी नळी रेडिएटरच्या तोंडावर चिकटून बसली होती. मी जोर लावणार तोच बाबांनी हात धरला. ओढलंस तर रेडिएटरचं तोंडच उपटून येईल, म्हणाले, उभी चीर दे. त्यांचे हात आता थरथरतात, म्हणून ब्लेड माझ्याकडे आणि टॉर्च त्यांच्याकडे. मग तोंडं पॉलिशपेपरनं घासली, साबणाचं पाणी लावून नव्या नळ्या चढवल्या, क्लिपा आवळल्या. कूलंट भरून, झाकण उघडं ठेवून इंजिन चालू केलं. अडकलेली हवा बुडबुडे होऊन वर येत होती आणि बाबा वाकून बघत होते. इतके खुशीत मी त्यांना आईनंतर पाहिलं नव्हतं.

तेवढ्यात भावाचा फोन आला. माझे हात ओले होते, म्हणून बाबांनी स्पीकर लावला.

"बाबा, ठीक झाली ना गाडी? मग काढूया आता? बिल्कुल राइट टाइम आहे."

"काढ की," बाबा म्हणाले. "मी केव्हाची वाट बघतोय."

आपल्या मराठीत गाडी काढायची म्हणजे बाहेर, रस्त्यावर आणायची. दिल्लीच्या हिंदीत गाडी 'निकाल दी' म्हणजे विकून मोकळे झालो. भाऊ दिल्लीत वाढला, त्याचं मराठी असं अर्धं इथलं, अर्धं तिथलं. मीही त्याच घरात वाढले, पण ते असो.

संक्रांत जवळ आली तेव्हा त्यानं एक ड्रायव्हर पाठवला. मुलगा गाडी पॉलिश करून आणतोय, असं समजून बाबांनी स्वतःच्या हातानं किल्ली दिली, वर चोक कसा ओढायचा तेही समजावलं. कागद भावाच्याच नावावर होते. विंटेजच्या नोंदणीसाठी खेटे घालायला नकोत म्हणून बाबांनीच ते करून दिले होते. भोगीला मी तिळाचे लाडू घेऊन गेले, तर गाडीच्या जागी नुसता तेलाचा डाग.

जिन्यातूनच भावाला फोन लावला. तो शांतपणे म्हणाला, "ताई, मी विचारलं होतं ना, काढूया का? ते म्हणाले, काढ. तू पण होतीस तिथे."

चूक झाली असेल तर माणूस चपापतो. हा चपापला नाही. उत्तर तयार ठेवून बसला होता. माझी तळपायाची आग मस्तकात गेली. तोंडाला येईल ते बोलले आणि फोन आपटला.

वर बाबा टीव्हीचा आवाज बंद करून बसले होते. जिन्यातलं माझं बोलणं ऐकून त्यांना सगळं कळलं होतं. मी म्हटलं, आत्ता गुरुग्रामला जाते, घेणाऱ्याचा पत्ता काढते, गाडी परत आणते. आजवर मी त्याचं सगळं पोटात घातलं, हे घालणार नाही.

"त्याला काही बोलू नकोस," बाबा म्हणाले. "उन्हाळ्यात हा फ्लॅट सोडायचाय. पुढे मला त्याच्याकडेच राहायचंय."

मी म्हटलं, "माझ्याकडे राहा ना."

ते हसले, लहान मुलीनं काही वेडंबागडं म्हटल्यावर हसावं तसे. "मुलीच्या घरी कुणी राहतं का?"

नोएडाच्या घरातली उन्हाची खोली आई गेल्यापासून मी त्यांच्यासाठी रिकामी ठेवली आहे. ते मी त्यांना सांगितलं नाही.