बापाच्या नावाची ओळ

चौथीनंतर मी शाळेचं तोंड पाहिलं नाही. जन्मभर विहिरींत उतरलो, पाण्याच्या मोटारी काढल्या आणि बसवल्या. आता गुडघे गेले म्हणून घरी बसून असतो. असा माणूस ज्ञानकोशात लिहितो म्हटल्यावर लोक हसतात. हसू द्या. मला लाज वाटते ती वेगळ्याच गोष्टीची.

तो ज्ञानकोश मोबाईलवरचा. सगळ्यांनी मिळून लिहायचा, कुणाला पगार नाही. त्यात एकदा आमच्या गावाचं पान सापडलं. चार ओळींचं. गावाचा बाजार गुरुवारी भरतो, असं त्यात लिहिलेलं. आमचा बाजार मंगळवारचा. बाजूला पेन्सिलीचं चित्र होतं, ते दाबलं तर मजकूर बदलता येत होता. मी गुरुवार खोडून मंगळवार केला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर मंगळवार तसाच. तू कितवी शिकला, असं कुणी विचारलं नाही.

मंग नादच लागला. मला टाइप करता येत नाही, म्हणून फोनशी बोलून लिहायचो. बायको सातवी पास. ती चष्मा लावून माझं लिहिलेलं तपासायची. कुठल्या गावाची नदी पूर्वेला दाखवलेली, ती मी पश्चिमेला नेली. गावांची अंबडपासूनची अंतरं नीट केली. माझ्यासारखे आणखी बरेच जण होते. एक जण तर फक्त पूर्णविराम लावत हिंडायचा. त्यांची तोंडं कधी पाहिली नाहीत, पण सकाळी उठून त्यांनी काय काय सुधारलं ते बघताना बरं वाटायचं.

आमच्या गावाबाहेर तीर्थपुरीच्या रस्त्याला दगडी विहीर आहे. तळापर्यंत पायऱ्या असलेली. ती बांधली गावातल्या मुसलमान मिस्त्रीनं. माझा बाप त्याच्या हाताखाली डोक्यावर दगड वाहत होता. बाप गेला तेव्हा गावात कुणी फारसं हळहळलं नाही, आणि पुढं त्याचं नाव कुणी काढलं नाही. एके दिवशी मी त्या पानावर एक ओळ घातली. गावाबाहेरची दगडी विहीर अमुक यांनी बांधली. अमुकच्या जागी माझ्या बापाचं नाव.

बायकोनं वाचलं आणि चष्मा काढला.

"हे काय लिहिलं?"

"बापाचं नाव लिहिलं."

"मामंजींनी दगड वाह्यले. विहीर आपाच्या अब्बांची हाये."

आपा म्हणजे त्या मिस्त्रीची लेक. नवरा गेल्यावर माहेरी परत आल्ती, आमच्यापासून तिसऱ्या घरात राहते. उन्हाळ्यात ती आणि माझी बायको एका बाजेवर बसून शेवया करायच्या.

"कोण बघतंय," मी म्हणालो.

"दुसऱ्याचा एक पान्हा चुकून घरी आला तर परत द्यायला पळायचे तुम्ही. आन आता अख्खी विहीर खिशात घातली."

मी हसलो. ती हसली नाही.

पुढं एका पेपरच्या रविवारच्या पुरवणीत तालुक्यातल्या जुन्या विहिरींवर लेख आला. लिहिणाऱ्यानं माझी ओळ जशीच्या तशी उचलली होती. बापाचं नाव छापून आलं. मी ते कात्रण काच लावून भिंतीवर टांगलं. आपाचं घर तिसरं, आणि मी कात्रण दारातून दिसेल असं टांगलं. इतका मी माजलो होतो.

मंग बायको आजारी पडली. जालन्याच्या दवाखान्यात तिच्या खाटेजवळ बसून मी फोनवर कुठल्या तरी गावाचं अंतर नीट करत होतो. तिनं विचारलं, "ती ओळ काढली का?"

"काढतो."

"काढतो न्हाई. काढा."

"तू आधी बरी हो."

ती बरी झाली नाही. त्या दिवसांत अंतरं सुधारायला मला वेळ होता, हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आता लिहून टाकतो.

तेरावं झाल्यावर पाहुणे गेले. घर झाडताना माझं लक्ष त्या कात्रणाकडं गेलं. काचेवर बोटभर धूळ. शेजारचं देवाचं चित्र, घड्याळ, आरसा, सगळं त्यामानानं लख्ख. अंथरुणाला खिळेपर्यंत ती रोज फडकं मारायची. फक्त त्या एका काचेला तिनं हात लावला नव्हता. मी रोज त्या भिंतीसमोर जेवलो आणि मला दिसलं नाही.

तिथंच बसून मी ती ओळ खोडली. पाच मिनिटांत ती परत आली. ज्ञानकोशावरच्या एका सदस्यानं ती परत घातली होती, आणि खाली लिहिलं होतं की कारण न देता संदर्भ असलेला मजकूर काढू नये. संदर्भ म्हणून त्यानं तीच पुरवणी जोडलेली. मी परत खोडली. त्यानं परत घातली, या वेळी ताकीद देऊन. त्याची काय चूक. गावाचं पान कुणी खराब करू नये म्हणून तो राखण करत होता. ज्या खोट्याची तो राखण करत होता ते माझं होतं, आणि आता त्याला पेपरचा पुरावा होता.

मी त्याला लिहिलं, "विहीर दुसऱ्याची आहे."

त्यानं विचारलं, "कोणाची? पुरावा आहे का?"

मला मिस्त्रीचं पूर्ण नावसुद्धा ठाऊक नव्हतं. सगळा गाव त्याला मिस्त्रीच म्हणायचा. मंग गेलो आपाकडं. तिसऱ्या घरापर्यंत जायला मला अर्धी सकाळ लागली.

आपा दारात लसूण सोलत होती. म्हणाली, "या भाऊ. आज रस्ता चुकले का?"

"आपा, एक विचारायचं होतं. अब्बांचं पूर्ण नाव काय?"

तिनं लसूण बाजूला सारला. "लई दिवस लावले तुम्ही. तुमच्या बायकोनं तर मागल्या उन्हाळ्यातच सांगितलं. रडली माझ्यापाशी. म्हणाली, बोलू नको, ते स्वतः येतील."

"मंग तुम्ही का बोलल्या न्हाई?"

"तिनं शपथ घातली होती. आन तुमच्या भिंतीवरचं वाचलं म्हणून अब्बांची विहीर जाती का कुठं? पाणी तर पितेच ना मी." मंग म्हणाली, "वाईट वाटलं, पण. बिलकुल न्हाई वाटलं असं म्हणणार न्हाई."

मी मान खाली घालून पुरावा विचारला. ती म्हणाली, "खालच्या पायरीच्या वर दगडावर अब्बांनी नाव कोरलंय, उर्दूत. तुम्ही शंभर वेळा उतरले असतान तिथं."

उतरलो होतो. ती अक्षरं मी पाहिली होती, नक्षी समजलो होतो. पाइप भिंतीला धरून ठेवायचा क्लॅम्प बसवायला मी त्याच दगडात भोक पाडलं होतं.

काठी घेऊन, बसत बसत पायऱ्या उतरलो आणि फोटो काढला. आपानं फोन डोळ्यांजवळ धरून वाचलं. मध्येच अडली. "इथलं अक्षर कुठं गेलं?"

"माझ्या क्लॅम्पखाली."

"तेवढं एक तरी सोडायचं होतं भाऊ," ती म्हणाली, आणि चहा ठेवायला उठली.

मी फोटो ज्ञानकोशावर टाकला आणि चर्चेच्या पानावर फोनला सांगून लिहिलं, "ही ओळ मी खोटी घातली. ज्याचं नाव लिहिलं तो माझा बाप. तो तिथं मजूर होता. पेपरवाल्यानं माझ्यावरूनच घेतलं." बायको नव्हती तपासायला, तसंच पाठवलं. वाटलं, आता शिव्या येतील. खरं तर त्या याव्यात असंच वाटत होतं. त्या सदस्यानं लिहिलं, "माहितीबद्दल आभार." उर्दू वाचणारा आणखी कुणी आला, त्यानं नाव बराबर लावलं, तुटलेल्या अक्षरासकट. आता पानावर मिस्त्रीचं नाव आहे. इतिहास म्हणून एक जागा असते तिथं दाबलं की माझी जुनी ओळ कुणालाही दिसते. ती पुसली जात नाही, हे बरं आहे.

दोन दिवसांनी त्या सदस्यानं आणखी एक विचारलं. "आपल्या वडिलांनी तिथं मजूर म्हणून काम केल्याचा काही पुरावा आहे का? असल्यास तेही लिहू."

बापाच्या डोक्यावर दगड वाहून वाहून पडलेलं टक्कल मी लहानपणी हातानं चाचपलेलं आहे. बायकोला ते मीच सांगितलं होतं. ती असती तर माझ्या बाजूनं बोलली असती. आता ते सांगायला एकटा मी उरलो, आणि माझा शब्द कसा असतो ते इतिहासात सगळ्यांना दिसतंय.

मी लिहिलं, "नाही."