कळसच्या माळावर साहेब आले तेव्हा
बांधावरचं वाळलेलं गवत कुणी पेटवलं की त्या वासानं मी आजही थकून जातो. कळसचं माळरान आणि तिथं गवतात, जमिनीवरच घरटी करणारे चंडोल राखायला गावाला अनुदान मिळावं, म्हणून मी दोन वर्षं बारामती-पुणे हेलपाटे घातले. अखेर पाहणी ठरली. मी गावात फोन करून एवढंच सांगितलं, "उद्या साहेब येतायत, तयारी ठेवा." सकाळी पोचलो तर सगळा माळ काळाभोर, चपलेखाली राख अजून कोमट, आणि मधोमध मांडव, खुर्च्या, रांगोळी. गावातले एक आबा हौसेनं पुढं आले. "साहेब येणार म्हणून रान पेटवून चकाचक केलंय बगा. एक काडी ठेवली न्हाय." तेवढ्यात साहेबांची गाडी आली. साहेबांनी हार घेतला, चहा घेतला, राखेतलं एक तडकलेलं अंडं बघितलं आणि फाईल मिटली. गाडी गेल्यावर आबांनी विचारलं, "पसंत पडलं न्हवं?" "व्हय आबा," मी म्हणालो. गवत पुढच्या पावसाळ्यात परत आलं. अर्ज मी अजूनही दरवर्षी करतो. पाहणीची तारीख तेवढी गावात कुणाला सांगत नाही.