एकशे बारा पुस्तकांचा दोरा

वेंकोबाराव पुस्तक कधी फाडत नसत. उसवत.

वेस्ट मांबलममधल्या त्यांच्या तळमजल्यावरच्या खोलीत मी पहिल्यांदा गेले, तेव्हा ते एका जाड पुस्तकाची पाठ ओल्या फडक्याने शेकत बसले होते.

"ताप आलाय का त्याला?" मी विचारलं.

"खळ जुनी आहे," ते मान वर न करता म्हणाले. "वाळलेली ओढली तर कागद संगती येतो."

तीस वर्षं ते आमच्या कॉलेजच्या लायब्ररीची पुस्तकं बांधत आले होते. दर उन्हाळ्यात गिंडीच्या कॉलेजातून ऑटोत घालून गठ्ठे त्यांच्याकडे यायचे. विद्यार्थ्यांच्या हाताळण्याने पानं सुटलेली पाठ्यपुस्तकं. वेंकोबाराव दाभणाने समासात भोकं पाडत, मेण लावलेल्या दोऱ्याने सगळी पानं आरपार शिवत आणि वर नवा पुठ्ठा चढवत. घराणं मूळचं तंजावरचं. घरात अजून जुनी मराठी, तीत तमिळ मुरलेली. मी नाशिकची, वडिलांच्या नोकरीमुळे याच शहरात, वेलचेरीत राहणारी. माझी मराठी ऐकून ते हसायचे. "तू पुस्तकासारखी बोलतीस. मज मामा म्हण. तमिळ पोरीही तेच म्हणतात, दोहींकडे चालतं."

यंदा कॉलेजने ठरवलं की पाठ्यपुस्तकं टॅबलेटवरच वाचायची. बाजारातल्या पुस्तकांच्या ई-आवृत्त्या विकत मिळाल्या. राहिली ती कॉलेजनेच पूर्वी छापलेली, एकशे बारा. त्यांची पानं सुटी करून स्कॅन करायची होती. मी एम. ए. करता करता लायब्ररीत या कामावर अर्धवेळ मदतनीस होते. पाठी कापायचं काम एका कारखान्याकडे जाणार होतं. मीच लायब्ररीप्रमुख मॅडमना म्हटलं, आपल्या बाइंडरांना द्या, त्यांच्याकडे कटिंग मशीन आहे. आपण एका माणसाचं भलं करतोय, असं मला वाटत होतं.

स्कॅन झाल्यावर पानं रद्दीत जाणार होती. हे मला माहीत होतं, त्यांना नव्हतं.

पहिला गठ्ठा ठेवताना मी म्हटलं, "मशीनखाली धरा मामा, एका दाबात होईल."

"अय्यो, कापलं की आंतला समास जातो. मग मागाहून शिवू कुठें? अक्षरांवरून?" त्यांनी चष्मा पुसला. "उसवून देतों. पानं सुटीच होतील, तुझ्या मशीनास काय कळतंय? काम झालं की माघारी आण. त्याच भोकांतून पुन्हा ओवतों. कधी आणतीस?"

तिथे एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हटलं, "बघू, नंतर."

जून, जुलै, ऑगस्ट. दिवसाला एक, फार तर दोन पुस्तकं व्हायची. पुठ्ठा सोडवायचा, पाठ शेकायची, बोथट सुरीने खळ खरवडायची, मग गाठ शोधून दोरा एकेका टाक्याने मागे काढायचा. दोरा तुटू न देता काढण्यात त्यांना अभिमान होता. कधी अठ्ठ्याण्णव सालची स्वतःचीच गाठ सापडली की ते ती मला दाखवायचे. "बघ, तेव्हां हात कसा घट्ट होता." मी बघायचे. गठ्ठा घेऊन गिंडीला परत यायचे, पानं स्कॅनरमधून जायची आणि संध्याकाळी कोपऱ्यातल्या गोणीत भरली जायची. गोणीचं तोंड मीच बांधायचे.

दर आठवड्याला ते विचारायचे आणि दर आठवड्याला मी नवं उत्तर द्यायचे. काम चालू आहे. मॅडम रजेवर आहेत. परीक्षा झाल्या की बघू. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे मला तिथे कळलं. समोरचा माणूस विश्वास ठेवायला बसलेला असला की फारसं बोलावंही लागत नाही.

शेवटच्या गठ्ठ्याच्या दिवशी खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. भिंतीला टेकून नवे पुठ्ठे उभे होते, प्रत्येकावर पेन्सिलीने पुस्तकाचा नंबर. एक ते एकशे बारा.

तुळसीबाई, त्यांच्या पत्नी, कॉफी घेऊन आडव्या पावलांनी आत आल्या. "ह्या पोरीस नीट विचारा की, पुस्तकें कधी येतात. रात्री पाय पसराया मज जागा नाही. तुम्ही पुठ्ठ्यांशीच लग्न करायचं होतं."

"त्यांनी हो म्हटलं नसतं," वेंकोबाराव म्हणाले. मग माझ्याकडे बघून, "सांग गे. सोमवारी आणतीस?"

मी कॉफीचा पेला खाली ठेवला. "मामा, ती येणार नाहीत. पानं रद्दीत गेली."

"कोणतीं?"

"सगळी."

त्यांनी हातातला दोरा बोटाला गुंडाळला, पुन्हा सोडला. "आज कळलं तुज?"

"नाही. पहिल्यापासून माहीत होतं."

"मग मज उसवू का दिलंस?" आवाज चढला नव्हता. त्यांना खरंच ते जाणून घ्यायचं होतं. "मशीन होतं माझ्यापाशी. कापून दिलं असतं. तीन महिने बसलों मी."

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून..."

"आणि आतां वाटत नाही काय?" तुळसीबाई म्हणाल्या.

वेंकोबारावांनी शेवटचा गठ्ठा पुढे सरकवला. पानांच्या कडा ठोकून सारख्या केलेल्या होत्या, सवयीनेच असाव्यात. "पोरं वाचतील ना त्यावर?" त्यांनी विचारलं.

"वाचतील."

"सरी, बरं," ते म्हणाले आणि मशीनवरची धूळ पुसायला उठले. मी निघाले तेव्हा त्यांनी मागे पाहिलं नाही. तुळसीबाई दारापर्यंत आल्या आणि दार लोटून घेतलं.

सप्टेंबरमध्ये पुस्तकं विद्यार्थ्यांच्या टॅबलेटवर गेली आणि दोन दिवसांत तक्रार आली. प्रत्येक पानाच्या कडेला काळे ठिपके दिसतात, सारख्या अंतरावर, वरपासून खालपर्यंत. मॅडमनी मला बोलावलं. "अनन्या, ही कसली घाण आहे? स्कॅनर खराब आहे का?"

"नाही मॅडम. शिवणीची भोकं आहेत."

"काढून टाक."

मी संगणकासमोर बसले. सातवं पुस्तक उघडून पाहिलं, मग सत्तरावं. सत्तराव्यात अंतर जरा चुकलेलं होतं. ते शिवलं त्या वर्षी वेंकोबारावांना डोळ्यांचा त्रास होता, असं ते मला बोलले होते. मला मॅडमना म्हणता आलं असतं की राहू द्या, वाचायला अडत नाही. मी एकशे बारा फायली एकत्र निवडल्या, आतला समास किती कापायचा तो आकडा भरला आणि बटण दाबलं. चार मिनिटं लागली.

मॅडम पाहून म्हणाल्या, "आता कसं स्वच्छ दिसतंय."

मी म्हटलं, "हो."