न मागितलेली ओवी

माझ्या आईचं, प्रयागबाईचं, नाव हल्ली लोक फार आदरानं घेतात. कामगारांच्या सभेत कुणीतरी तिचं गाणं म्हणतं, टाळ्या पडतात. मी मागच्या रांगेत बसलेली असते आणि मला राग येतो. थोडा लोकांचा, बाकी सगळा माझा स्वतःचा.

उमरठच्या वरच्या अंगाला आमची वाडी. वडील हैबती मुंबईला गोदीत कामाला. आईनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं. मी शाळेत जाऊ लागले तशी तीही माझ्या पाटीवर गिरवायला लागली, चुलीपुढे, एका हातात फुंकणी आणि दुसऱ्या हातात पेन्सिल. दोन वर्षांत तिचं अक्षर माझ्यापेक्षा वळणदार झालं आणि मी तिच्याशी दोन दिवस बोलले नाही. ओव्या तिला लहानपणापासून सुचत. आता त्या वहीत उतरायला लागल्या.

वाडीत लग्न निघालं की हळदीच्या जात्यावर आई हवीच. आमच्याकडे पाच सवाशिणी हळद दळतात, आणि शेवटची मूठ जात्यात टाकण्याआधी नवरीला विचारतात, "कंची ओवी म्हणू गो?" नवरी मागेल ती ओवी म्हणायची. ती कुणी अडवायची नाही, व्याह्यांनीसुद्धा नाही. बहुतेक नवऱ्या आईचीच ओवी मागत.

छप्पन साली तार आली. गोदीत माल उतरवताना वडील पेटाऱ्याखाली सापडले होते. आईचं कुंकू गेलं आणि त्याबरोबर हळदीचं बोलावणंही गेलं. ज्या बायका तिच्या गळ्यात पडून रडल्या होत्या, त्याच पुढच्या लग्नात तिच्या दारावरून खाली मान घालून गेल्या. आईनं कुणाला दोष दिला नाही. तिच्या वाटचा सगळा दोष त्यांना मीच देत आले आहे.

मग ती पोलादपूरच्या पुढे घाटरस्त्याच्या कामावर खडी फोडायला जायला लागली. तिथं विधवेचा आवाज चालत होता. आई ओवी म्हणायची आणि चाळीस बायकांचे हातोडे तिच्या ठेक्यावर पडायचे. ढीग लवकर चढायचा. मुकादम खूश होता, तिला खडी फोडण्याऐवजी सावलीत बसून नुसतं गा म्हणायचा. आई म्हणायची, "हात चालला नाय तं गळा चालंल कसा?"

बायकांची तान्ही पोरं झाडाला झोळी बांधून ठेवलेली असत. एकदा न सांगता सुरुंग उडवला आणि दगडाची कपची मैनाच्या लेकीच्या डोळ्यात गेली. मैना आमच्या शेजारची, आईची पाठची बहीणच म्हणा. डोळा गेला. मुकादम म्हणाला, पोरं घरी ठेवायची. दुसऱ्या दिवशी सगळ्या जणी येऊन बसल्या, हातोडे उचलले आणि आईच्या ओवीची वाट बघायला लागल्या. आईनं ओवी म्हटलीच नाही. हातोडा मांडीवर ठेवून ती घाटाकडं बघत बसली. एकेक करून चाळीस हातोडे मांडीवर आले. मुकादमानं शिव्या दिल्या, मग समजूत काढली, मग पुन्हा शिव्या दिल्या. तीन दिवस डोंगरात हातोड्याचा आवाज नव्हता.

चौथ्या दिवशी महाडहून साहेब आले. आईनं त्यांच्या हातात कागद दिला. सुरुंगाआधी शिट्टी वाजवायची आणि लाल निशाण लावायचं. पोरांसाठी लांब छप्पर बांधायचं. साहेबांनी विचारलं, अर्ज कुणी लिहून दिला? आई म्हणाली, "म्याच लिवलाय." छप्पर आठवड्यात उभं राहिलं. मैनानं आईचे पाय धरले. "आक्का, जल्मात इसरायची नाय," म्हणाली.

एकसष्ट साली माझं लग्न ठरलं, शिवथरला. घर चांगलं होतं आणि मला ते फार हवं होतं, हे कबूल करते. आईला माझ्या हळदीला बसता येणार नव्हतं. तिनं माझ्यासाठी ओवी लिहिली आणि खडी फोडता फोडता मैनाला पाठ करून दिली. मैना मला म्हणाली, "शकू, तू माग फकस्त. मी म्हंतंय." 

हळदीच्या दिवशी आई आतल्या खोलीत, भिंतीआड बसली. बाहेर जातं फिरत होतं. सासरकडून माझी चुलतसासू राहीबाई आली होती. दळण चालू असताना ती सहज बोलल्यासारखं म्हणाली, "रांडमुंड बाईची ओवी नको हं गो आमच्या हळदीत. आधीच सांगून ठेवत्ये." तिला कुणी काय सांगितलं होतं देव जाणे. मैनाचा चेहरा उतरला, पण तिनं शेवटची मूठ हातात घेतली आणि माझ्याकडं बघितलं. "कंची ओवी म्हणू गो?"

जातं थांबलं. खडीवरच्याच बायका होत्या सगळ्या. तीन दिवस गप्प बसायची हिंमत त्यांच्यात होती. आता त्या मी बोलायची वाट बघत होत्या. मी मागितली असती तर राहीबाईला रीत मोडता आली नसती. फार तर तिनं नाक मुरडलं असतं. मला शिवथरचं घर दिसत होतं. मी गप्प राहिले.

मग भिंतीआडून आईचा आवाज आला. "दळा गो. थांबू नका. हळद तशीच ऱ्हाईल."

मैनानं मूठ टाकली आणि कुठलीतरी जुनी, सगळ्यांना येणारी ओवी सुरू झाली.

मला वाटायचं, आई विसरून जाईल. माझ्याशी ती तशीच वागली, बाळंतपणाला आली, लाडू केले. पण मैनानं पुढं सांगितलं की त्या हळदीनंतर आई खडीवर गायली नाही. बायकांनी विनवण्या केल्या, मुकादमानंही केल्या. ती मान हलवायची आणि मुकाट्यानं फोडत राहायची. सहासष्ट साली छातीच्या दुखण्यानं ती गेली.

वही माझ्याकडं आली. माझ्या हळदीची ओवी शेवटची आहे, त्यापुढची पानं कोरी.

जात्याला पाच हात, हळद दळून झाली गो,
भिंतीच्या आडून आई लेकीला न्हाऊ घाली गो.

खाली तिनं बारीक अक्षरात लिहून ठेवलं होतं, कुणाला काय काम ते, अर्जात लिहायची तसं. मैनानं म्हणायची. शकूनं मागायची. मैना घाबरेल. शकू घाबरणार नाही.