लांब बाही

वहिनींना खुर्चीवरून उठवणं म्हणजे खायचं काम नव्हतं. नवरा गेल्यावर धाकट्या दिराने त्यांना आपल्या स्वेटरच्या कारखान्यात पॅकिंगला बसवलं होतं. तिथून डिझाइनच्या कॉम्प्युटरपर्यंत त्या स्वतःच्या हिमतीवर आल्या. दिराने कधी नाही म्हटलं नाही, पण मनातून त्याला ते रुचलं नव्हतं.

वहिनींनी विणकामाच्या जुन्या प्रोग्राममध्ये बाही लांब केली, सेव्ह केली. दिराने त्याच कॉम्प्युटरवर आपल्या नावाने लॉगिन करून फाइल मशीनला पाठवली, आणि सगळा माल आखूड बाह्यांचा निघाला.

"वहिनी, तुम्ही माप बदललंच नाही," तो सगळ्या बायकांसमोर म्हणाला.

"बदललंय. बघा." वहिनींनी आपल्या लॉगिनने फाइल उघडली. बाही लांब होती.

"हे मागाहून केलंत. वर खोटंही बोलता! उद्यापासून पुन्हा पॅकिंगला."

वहिनींच्या तळपायाची आग मस्तकात गेली. "मी हलणार नाही. आता तुम्ही तुमच्या नावाने गळा मोठा करा. माझ्यासमोर."

दिराने कुरकुरत गळा वाढवला, सेव्ह केला. वहिनींनी आपल्या नावाने उघडून पाहिलं. गळा होता तेवढाच.

"मग भावजी, आता खोटं कोण बोलतंय?"

दिराने पुन्हा आपल्या नावाने फाइल उघडली. गळा मोठाच होता. शेवटी त्याने कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्या बाईला बोलावलं. तिने थोडी खुडबूड करून दोन्ही फाइली शोधून काढल्या.

"हा जुना प्रोग्राम सगळ्यांच्या फोल्डरमध्ये लिहायला जातो. नव्या कॉम्प्युटरवर त्याला परवानगी नाही. पण कॉम्प्युटर तसं सांगत नाही. ज्याची फाइल त्याच्या खासगी कप्प्यात गुपचूप ठेवतो आणि सगळ्यांच्या फोल्डरमध्येच आहे असं भासवतो. तुम्ही दोघंही खरंच बोलत होतात."

दीर हसला. "म्हणजे कॉम्प्युटरचा घोटाळा. चला, विषय संपला."

"संपला कसा? चारचौघींत खोटारडी ठरवलंत मला."

"घरी बोलू, वहिनी."

"घरी नाही. इथेच."

मध्येच दुरुस्तीवाली म्हणाली, "ही लपवाछपवी बंद करता येते. मग सेव्ह होत नसेल तर सरळ नाही म्हणेल. प्रोग्रामही मी सगळ्यांना लिहिता येईल अशा जागी हलवते."

"कर बंद," वहिनी म्हणाल्या. "नाही म्हणायचं तर तोंडावर म्हणू दे. भावजी, तुम्हीसुद्धा. मी या खुर्चीवर नको असेन, तर तसं स्पष्ट सांगा."

दिराने बायकांकडे पाहिलं. सगळ्यांचे हात थांबले होते.

"वहिनींनी माप बदललं होतं," तो अखेर म्हणाला. "चूक माझी झाली. त्या इथेच बसतील."

तोवर वहिनी दिराच्या फाइलमधली बाही लांब करायला लागल्या होत्या.